पोलिसांनी घरचे सीसीटीव्ही फुटेज किंवा मोबाईल मागितला तर: काय, कोणत्या क्रमाने करावे

पुण्याच्या उपनगरातील एका शहाण्णव सदनिकांच्या सोसायटीचा मी सहा वर्षे सचिव आहे. या काळात पोलीस आमच्याकडे फुटेज मागायला वीसेक वेळा तरी आले असतील, आणि त्यांतल्या पहिल्या चार-पाच वेळी आम्ही जे केले ते बहुतेक सगळे चुकीचे होते. सर्वांत मोठी चूक म्हणजे दुचाकी चोरीच्या तपासासाठी रात्री साडेदहाला आलेल्या हवालदारांना आम्ही जिन्याखालच्या कपाटातला अख्खा डीव्हीआर (सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) काढून दिला. तपासाला फाटकावरच्या एका कॅमेऱ्याची वीस मिनिटे हवी होती. आम्ही शहाण्णव घरांच्या येण्या-जाण्याचे बावीस दिवस देऊन बसलो. पावती घेतली नव्हती. दोन महिन्यांनी चौकशीला गेलो तेव्हा ते अधिकारी बदलून गेले होते आणि खोके नेमके कुठे आहे हे ठाण्यात कोणालाच सांगता येईना.

खालचा क्रम त्या चुकांतून आणि नंतर वकिलांकडे मारलेल्या फेऱ्यांतून बसला आहे. तो तपासाला आडवा जाण्यासाठी नाही. तपासाला जेवढे लागते तेवढेच घराबाहेर जावे आणि गेलेल्या प्रत्येक वस्तूचा कागद आपल्या हाती राहावा, एवढाच त्याचा हेतू आहे. कलमांचे क्रमांक १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे क्रमांक (९१, १००, १६५) पाठ असतील तर ते आता विसरावेत.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करावी. झडती बेकायदा झाली म्हणून तीत सापडलेला पुरावा आपोआप बाद होतो, हा समज चित्रपटांतून, त्यातही अमेरिकी चित्रपटांतून आलेला आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल प्रकरणात १९७३ सालीच नेमके उलटे सांगितले आहे: पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल तर केवळ झडतीतील दोषामुळे तो टाकून दिला जात नाही. म्हणून 'नंतर कोर्टात बघून घेऊ' या भरवशावर राहू नये. हरकत त्या वेळी, त्याच कागदावर, लेखी नोंदवावी लागते.

टप्पा १: कोणी दारात येण्यापूर्वीची तयारी

ही तयारी एका रविवारी दोन तासांत उरकते, आणि ती नसली की पुढचे सगळे टप्पे घाईत बिघडतात.

डीव्हीआरचे घड्याळ मोबाईलच्या घड्याळाशी ताडून पाहावे. आमचे सतरा मिनिटे मागे होते आणि किती वर्षे तसे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर कॅमेऱ्यांचा एक साधा तक्ता करावा: कॅमेऱ्याचा क्रमांक, तो कुठे बसवला आहे, त्यात काय दिसते. हा तक्ता करताना कोणता कॅमेरा शेजाऱ्याच्या उघड्या दारातून थेट दिवाणखान्यात पाहतो आहे हेही लक्षात येते. तो तेव्हाच वळवावा किंवा त्याच्या चौकटीचा तो भाग काळा करावा, कारण ज्याचे चित्रण झालेलेच नाही ते कोणी मागूही शकत नाही. आवाज टिपण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी. फाटकावरच्या सुरक्षेला जिन्यातल्या गप्पांचा काही उपयोग नसतो.

डीव्हीआरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलावा आणि मोबाईल ॲपमधून कॅमेरे पाहण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते तपासावे. आमच्या यादीत दोन जुने अध्यक्ष आणि काम सोडून गेलेला एक वायरमन निघाला.

तपासा: चित्रण किती दिवस टिकते? डिस्क भरली की यंत्र जुने पुसून त्यावर नवे लिहिते. हा आकडा सचिवाला माहीत असावाच लागतो.

टप्पा २: दारात किंवा फाटकावर विचारायचे प्रश्न

नाव, हुद्दा आणि पोलीस ठाणे विचारून लिहून घ्यावे. गणवेश नसेल तर ओळखपत्र पाहावे. मग विचारावे: कोणत्या गुन्ह्याचा तपास आहे, गुन्हा रजिस्टर नंबर काय, आणि माझ्याकडून नेमके काय हवे आहे? स्वर साधा ठेवावा. बहुतेक वेळा समोरचा माणूस सोळा तासांची ड्यूटी करून आलेला असतो आणि त्याला वरून 'फुटेज घेऊन ये' एवढेच सांगितलेले असते.

पुढचा प्रश्न वकील सर्वांत आधी विचारतात आणि आपण विसरतो: मला साक्षीदार म्हणून विचारता आहात की संशयित म्हणून? उत्तर 'संशयित' असे आले, किंवा टाळले गेले, तर टप्पा ३ कडे न जाता वकिलांना फोन करावा. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली श्यामलाल चोक्सी प्रकरणात असे ठरवले की वस्तू हजर करण्याचा आदेश (टप्पा ३ पाहा) आरोपीवर बजावता येत नाही, कारण कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येत नाही.

साक्षीदार म्हणून बोलावायचे असेल तर कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. स्त्रिया, साठीपुढचे पुरुष, पंधरा वर्षांखालील मुले, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. आईला किंवा आजोबांना 'पाच मिनिटे ठाण्यात चला' असे कोणी म्हटले तर हे कलम आठवावे. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, हेही कलम १८१ मध्ये स्पष्ट आहे.

दारातच घरातल्या माणसांचे फोटो काढून घेण्याचा प्रकार काही शहरांत दिसतो. हैदराबादमध्ये टाळेबंदीच्या काळात रस्त्यावर मास्क काढायला लावून घेतलेल्या अशाच एका फोटोवरून, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध तेलंगण उच्च न्यायालयात याचिका गेली. फोटो, बोटांचे ठसे किंवा डोळ्यांचे मापन घेण्याचा अधिकार देणारा २०२२ चा ओळख कायदा मुख्यतः अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्या व्यक्तींसाठी आहे. इतरांसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश हवा. त्या कायद्याखाली गोळा झालेली नोंद ७५ वर्षे ठेवता येते, म्हणून 'एक फोटोच तर आहे' असे म्हणून मान हलवू नये.

सावध: दार अडवणे, धक्काबुक्की करणे किंवा खोटे नाव सांगणे हे स्वतंत्र गुन्हे ठरू शकतात. 'कृपया लेखी द्या' असे म्हणणे हा गुन्हा नाही.

टप्पा ३: आदेश मागणे आणि तो नीट वाचणे

फुटेज, फाइल, मोबाईल किंवा अन्य वस्तू हजर करण्यासाठी कलम ९४ आहे. न्यायालय समन्स काढते आणि पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढतो. फाटकावर आलेल्या शिपायाचा तोंडी निरोप म्हणजे आदेश नव्हे. मात्र आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही काढता येतो, असे कलमात लिहिले आहे. तेव्हा 'व्हॉट्सॲपवर आलेले मी मानत नाही' हा पवित्रा चुकीचा आहे.

आदेशात पाच गोष्टी शोधाव्यात: गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, अधिकाऱ्याचे नाव व सही, मागितलेल्या वस्तूचे वर्णन, आणि तारीख-वेळेची मर्यादा. अडचण बहुधा शेवटच्या दोहोंत असते. 'सोसायटीचे सर्व सीसीटीव्ही फुटेज' असे लिहिले असेल तर त्याच दिवशी उत्तर द्यावे की, कोणत्या कॅमेऱ्याचे, कोणत्या तारखेचे आणि कोणत्या वेळेतले चित्रण हवे ते कळवावे, तोपर्यंत सर्व चित्रण जतन केले आहे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा अर्ध्या तासात फोन येतो आणि मागणी वीस-तीस मिनिटांवर येते.

खुद्द ठाण्यात जायलाच हवे असेही नाही. केवळ वस्तू हजर करायची असेल तर ती दुसऱ्याच्या हाती पाठवली तरी आदेशाचे पालन होते, असे त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे.

सावध: व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून 'डिजिटल अरेस्ट' सांगणारे चोर असेच छापील आदेश पाठवतात. आदेशावरचा नंबर न वापरता, ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून तिथे खात्री करावी. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

टप्पा ४: फुटेज काढून देणे

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा.

प्रथम आदेशातील वेळ डीव्हीआरच्या वेळेत बदलून घ्यावी. घड्याळ सतरा मिनिटे मागे असेल आणि पोलिसांना रात्री ९.४० ते १०.१० हवे असेल, तर यंत्रात ९.२३ ते ९.५३ शोधावे लागेल. आम्ही एकदा हे विसरलो आणि चोर फाटकातून बाहेर पडून गेल्यानंतर सुरू होणारे चित्रण देऊन मोकळे झालो. डीव्हीआरचे घड्याळ या वेळी दुरुस्त करू नये. मागे-पुढे जेवढे असेल तेवढे लिहून ठेवावे आणि दुरुस्ती नंतर करावी.

मग यंत्राच्या बॅकअप सोयीतून तेवढाच भाग मूळ स्वरूपात नव्या, रिकाम्या पेन ड्राइव्हवर घ्यावा. मॉनिटरसमोर मोबाईल धरून चित्रण करणे आणि ते व्हॉट्सॲपने पाठवणे हा सर्रास चालणारा उद्योग पूर्ण बंद करावा: ॲप फाइल दाबून लहान करते, नंबरप्लेट पुसट होते, आणि ती क्लिप कुठून कुठे फिरली याला धरबंद राहत नाही. रहिवाशांच्या ग्रुपवर तर ती टाकूच नये.

पेन ड्राइव्हवरील प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य काढावे. फाइलमधील मजकुरावरून गणिताने निघणारी ही अक्षरांची ओळ असते (एसएचए-२५६ पद्धतीत ६४ अक्षरांची), आणि फाइलमध्ये टिंबाएवढा बदल झाला तरी ती ओळ पार बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हे मूल्य लिहावे लागते. त्या प्रमाणपत्राचा 'अ' भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि 'ब' भाग तज्ज्ञाने. 'अ' भाग आपलाच आहे, म्हणून ठाण्यात 'इथे फक्त सही करा' असे म्हटले तरी कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. प्रमाणपत्र किती निकडीचे असते हे मराठी वाचकाला जालन्यावरून आठवेल: तेथील विधानसभा निवडणुकीत अर्ज किती वाजता दाखल झाले याच्या कॅमेरा चित्रणाचा वाद अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० साली न्यायालयाने प्रमाणपत्राची अट ठामपणे सांगितली.

सोबत हे पत्र द्यावे:

"प्रति, मा. प्रभारी अधिकारी, ____ पोलीस ठाणे. विषय: आपला दि. ____ चा आदेश, गु. र. नं. ____. वरील आदेशानुसार कॅमेरा क्र. ३ (मुख्य फाटक) चे दि. ____ रोजी रात्री ९.४० ते १०.१० या वेळेतील चित्रण, एकूण दोन फाइल, पेन ड्राइव्हमध्ये सादर करीत आहे. डीव्हीआरचे घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा १७ मिनिटे मागे असल्याने पडद्यावर ९.२३ ते ९.५३ अशी वेळ दिसेल. हॅश मूल्ये सोबतच्या प्रमाणपत्रात आहेत. मागणीबाहेरील चित्रण दिलेले नाही. मूळ चित्रण आमच्याकडे जतन आहे. कृपया पोच द्यावी."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. आवक क्रमांक मिळाला तर फारच उत्तम.

सावध: आदेश आल्यानंतर, किंवा तो येणार हे कळल्यानंतर, चित्रण पुसणे हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा आहे. चित्रणात आपलाच मुलगा दिसत असला तरीही.

पोलिसांनी कॅमेऱ्यांची थेट जोडणी किंवा ॲपचा पासवर्ड मागितला, तर तो वेगळा विषय समजावा. एका गुन्ह्यासाठी मागितलेला तुकडा आणि वर्षभर उघडी राहणारी खिडकी यांत फरक आहे. अधिकार कोणत्या कायद्याखाली आहे ते लेखी विचारावे आणि विषय व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. सचिवाने एकट्याने होकार देऊ नये. जामिनावरील आरोपीने आपले ठिकाण गुगल नकाशावर पोलिसांना सतत दाखवत राहावे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात रद्द केली. आरोपीलाही जे संरक्षण आहे ते तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

टप्पा ५: मोबाईल मागितला तर

मोबाईल अनलॉक करून हातात देणे ही येथील मूळ चूक. हैदराबादमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये रस्त्यावर लोकांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये गांजासंबंधी शब्द शोधले जात होते, आणि लोक निमूटपणे फोन उघडून देत होते. विशिष्ट संदेशच हवा असेल तर तो स्वतः काढून, प्रमाणपत्रासह, टप्पा ४ प्रमाणे देण्याची तयारी दाखवावी.

पासवर्ड सांगावा लागतो का, यावर न्यायालयांत एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विरेंद्र खन्ना प्रकरणात पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असे म्हटले, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येणार नाही असे म्हटले. त्यामुळे हा निर्णय उंबरठ्यावर उभ्या-उभ्या घेऊ नये. "वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो" एवढे म्हणावे.

फोन जप्त झालाच तर तो बंद करून, आपल्यासमोर पाकिटात सीलबंद होताना पाहावा. जप्ती पंचनाम्यात कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक, सिम आणि फोन कुलूपबंद होता की उघडा, हे आले पाहिजे.

सावध: फोन गेल्यावर दुसऱ्या यंत्रावरून तो पुसून टाकण्याची आज्ञा देऊ नये. बँकेला कळवणे आणि नवे सिम घेणे वेगळे. मजकूर पुसणे वेगळे.

टप्पा ६: घराची झडती

झडतीचे दोन मार्ग आहेत. न्यायालयाचे वॉरंट असेल तर ते मागून वाचावे. वॉरंटाविना कलम १८५ खाली झडती घेता येते, पण त्यासाठी अधिकाऱ्याने आपल्या विश्वासाची कारणे आणि शोधायची वस्तू केस डायरीत (तपासाच्या नोंदवहीत) आधी लिहावी लागते. ती डायरी आपल्याला दाखवत नाहीत. तरीही 'कारणे नोंदवली आहेत का?' असे विचारून, मिळालेले उत्तर टिपून ठेवावे.

झडती सुरू होण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी:

पंच परिसरातले, स्वतंत्र आणि किमान दोन असावेत (कलम १०३). पोलिसांबरोबर जीपमधून आलेले पंच दिसले तर शेजारचे कोणी तयार आहे का ते विचारावे आणि ते सुचवल्याची नोंद करायला सांगावे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची आहे. घरातील एका माणसाला सर्व वेळ हजर राहू द्यावे लागते. मात्र चार अधिकारी चार खोल्यांत गेले तर हजेरीला अर्थ उरत नाही. म्हणून "एका वेळी एक खोली घ्या" अशी विनंती सुरुवातीलाच करावी.

चित्रीकरण हा कलम १०५ मधला सर्वांत उपयुक्त बदल आहे. झडती आणि जप्तीची सर्व प्रक्रिया, जप्त वस्तूंची यादी करणे आणि पंचांच्या सह्या यांसह, दृक्‌श्राव्य साधनाने नोंदवायची आणि ती नोंद विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची आहे. कॅमेरा चालू झाला की मोठ्याने तारीख, वेळ आणि आपले नाव सांगावे. कॅमेरा मध्येच बंद झाला तर तसे शांतपणे बोलून दाखवावे आणि वेळ लिहावी.

शेवटी पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. वाचायला दहा मिनिटे मागायला संकोच कसला? 'एक जुना लॅपटॉप' असे मोघम लिहिले असेल तर अनुक्रमांक लिहायला लावावा, आणि दोन ओळींमधली रिकामी जागा रेघ मारून बंद करवून घ्यावी. मजकूर पटत नसेल तर सही नाकारण्यापेक्षा सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे: "फोन कुलूपबंद अवस्थेत घेतला. पासवर्ड दिलेला नाही. हॅश मूल्य काढलेले नाही. चित्रीकरण स्वयंपाकघरात झाले नाही." मग सही, तारीख, वेळ. यादीची सही केलेली प्रत मिळणे हा आपला हक्क आहे. 'उद्या ठाण्यात या' हे उत्तर आले तर तेही त्याच कागदावर लिहावे.

तपासा: प्रत हातात आहे का? अधिकाऱ्यांची नावे आहेत का? सुरुवातीची आणि शेवटची वेळ आहे का?

टप्पा ७: पोलीस गेल्यानंतरचे तीन दिवस

त्याच रात्री, आठवण ताजी असताना, घडलेले वेळेनुसार लिहून काढावे आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही वेगळे लिहून घ्यावे. दोघांच्या टिपणांत फरक पडला तर पडू द्यावा. जुळवून लिहिलेले टिपण लगेच ओळखू येते.

वॉरंटाविना झडती झाली असेल तर कारणांच्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी, आणि घराच्या मालकाला किंवा रहिवाशाला ती अर्ज केल्यावर मोफत मिळते. हा अर्ज फार थोडे लोक करतात. तो ठाण्यात न देता न्यायालयात द्यावा. प्रत मिळाली नाही, किंवा तीत कारणेच नसली, तर पुढे वकिलाच्या हाती काहीतरी ठोस राहते.

जप्त वस्तू परत मिळवण्यासाठी कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. प्रकरण कोणत्या अवस्थेत आहे त्यावरून कलम ठरते. मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितले आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा. आमचा डीव्हीआर अशाच अर्जाने सात महिन्यांनी परत आला. ताबा घेताना मी पावतीवर लगेच सही केली आणि घरी येऊन खोके उघडले, तर आत डिस्क नव्हती. तेव्हापासून ठाण्याच्या टेबलावरच स्क्रू काढून, डिस्कचा अनुक्रमांक पंचनाम्याशी जुळवून, मगच मी ताबा पावतीला पेन लावतो.